सॅम्पल फ्लॅटवाली आत्या

आमच्या आत्याला साधेपणाचा तिटकारा होता. कोणी कौतुकाने "किती साधं घर आहे" म्हणालं की ती तिथल्या तिथे विचारायची, "साधं म्हणजे काय? पैसे कमी पडले असं सरळ बोल ना." तिला चकाकणारी फरशी आवडायची. छतात लपवलेले दिवे, हळूच आपोआप मिटणारे ड्रॉवर, भिंतीएवढा आरसा, हे सगळं तिला मनापासून आवडायचं. आयुष्य मात्र गेलं उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, बराकीतल्या एका खोलीत, आणि त्या खोलीबद्दल तिने कधी गोड शब्द काढला नाही. आता ती गेल्यावर नातेवाईक "साधी बाई होती बिचारी" म्हणतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं की तुम्ही दुसऱ्याच कोणालातरी पोहोचवून आला आहात.

रविवार तिचा सॅम्पल फ्लॅटचा. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत टॉवर उठत होते आणि प्रत्येक टॉवरच्या पायथ्याशी बिल्डरने एक सजवलेलं नमुन्याचं घर मांडलेलं असायचं. घ्यायचं काही नसताना ती घरं बघत हिंडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. एसीत बसायचं, फुकटची कॉफी प्यायची, पोरांना गेम झोनमध्ये सोडायचं आणि ब्रोशर घेऊन घरी यायचं. आत्या त्यांच्यातली नव्हती. ती लग्नाला निघाल्यासारखी रेशमी साडी नेसायची, अत्तर लावायची आणि मला बरोबर घ्यायची. मी बदलापूरला कात्रपमध्ये राहते, तिथल्याच शाळेत शिकवते; माझ्या इंग्रजीचा तिला आधार वाटायचा. बाहेर मात्र ती मला "ही माझी सेक्रेटरी" म्हणायची. सेल्सच्या पोराने बजेट विचारलं की ती पदर सावरत सांगायची, "बजेट का टेन्शन नही है बेटा. मन बैठना चाहिए."

मग तपासणी सुरू व्हायची. आधी ती बेडरूममध्ये जाऊन पलंगावर सरळ आडवी व्हायची. खोली मोठी दिसावी म्हणून ही मंडळी पलंग आखूड बनवतात, हे तिने कधीतरी कोणाकडून ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पाय बाहेर आले की ती तशीच पडल्या पडल्या म्हणायची, "बघ, माझे पाय हॉलमध्ये झोपणार." नंतर प्रत्येक नळ सोडून बघायची. एकदा एक पोरगा म्हणाला, "मॅम, ये सॅम्पल है, पानी नही आएगा." आत्या म्हणाली, "तो सॅम्पल का पानी दिखा ना थोडा." तो बिचारा खरंच बाटली घेऊन आला. पण आवडलं की तोंड भरून बोलायची. एका बाथरूममधल्या बेसिनसमोर तर ती तोंड धुतल्याचा नुसता अभिनय करून आली आणि मला म्हणाली, "राणीसारखं वाटतं गं. तू पण जाऊन ये."

नात्यात तिच्या शब्दाला वजन होतं. घर बुक करायच्या आधी लोक तिला नेऊन दाखवायचे. तिचे निकाल नेहमी बरोबर यायचे असं मात्र नाही. माझ्या चुलतभावाला मिळत असलेला चांगला फ्लॅट तिने एका झटक्यात नापास केला, कारण लिफ्टच्या आरशात ती जाडी दिसत होती. त्याने ऐकलं आणि अजूनही तो भाड्याने राहतो. त्याच्या बायकोने हे तोंडावर ऐकवलं तेव्हा आत्या म्हणाली, "रोज सकाळी आपलं थोबाड वाईट दिसलं तर माणूस कामाला कसा जाईल?" पुढे तिला त्याबद्दल कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही.

सगळं बघून झालं की ती हॉलमध्ये यायची आणि समोरच्या मोठ्या भिंतीपुढे उभी राहायची. इथे तिची बडबड थांबायची. मान कलती करून ती नुसती भिंत बघायची, कधी दोन पावलं मागे जायची, आणि मग हाताने हवेत एक चौकोन काढून म्हणायची, "इथे बाबा." बाबा म्हणजे निळ्या कोटातला तो फोटो. तो आमच्या प्रत्येकाच्या घरात असतो, वेगळं सांगायला नको. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या भिंतीवर हा फोटो लावला. तो लग्नानंतर आत्याकडे आला. टीव्हीच्या वर तो लावायचा नाही असा तिचा नियम होता. "लोक टीव्ही बघतात आणि म्हणतात आम्ही बाबांकडे बघत होतो," असं ती म्हणायची.

या भिंतीच्या वेडामागे एक जुनी गोष्ट होती. नवीन लग्न झाल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने अंबरनाथला एक खोली ठरवली होती. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला, चादरीत गुंडाळलेला फोटो खाली उतरवताना चादर सरकली, आणि घरमालकाने ते बघून सांगितलं की त्याच्या भाच्याला अचानक खोली लागली आहे. तो फार गोड बोलला म्हणे, पाणीसुद्धा दिलं. पुढच्या खोलीत शिरताना नवऱ्याच्या सांगण्यावरून आत्याने फोटो पलंगाखाली ठेवला, आणि ती खोली सोडेपर्यंत तो तिथेच राहिला. ही गोष्ट सांगताना तिचा आवाज चढायचा नाही. "बाबांना मी पलंगाखाली ठेवलंय," ती म्हणायची. "आता हॉलशिवाय नाही. आणि हॉल पण असा पाहिजे की येणाऱ्याने आधी फरशी बघून तोंडात बोट घालावं आणि मग मान वर करावी." कॅम्प चारच्या खोलीत फोटो दारासमोरच होता, पण त्यात तिला समाधान नव्हतं. तिथे येणारे सगळे आपलेच. आपल्यांना काय दाखवायचं, असं तिचं म्हणणं.

तिचा एकुलता एक मुलगा निखिल. नवरा लवकर गेल्यावर अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून तिने त्याला इंजिनिअर केलं. त्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला आणि शेवटी खरोखरचं घर घ्यायची वेळ आली. आम्ही तिघं एका टॉवरचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. दार उघडलं आणि आत्या उंबऱ्यातच थांबली. समोर बुद्धाचं शिर होतं. भाताच्या मोठ्या पातेल्याएवढं, तपकिरी, डोळे मिटलेले, खालून मंद उजेड सोडलेला. आत्याने चपला काढल्या आणि हात जोडले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बिल्डर आपला दिसतो."

सेल्स मॅनेजर पुढे आला तेव्हा तिने त्याला मोठ्या आनंदाने "जय भीम" केला. तो क्षणभर गोंधळला आणि "येस मॅम, वेलकम" म्हणाला. निखिल ब्रोशरमध्ये डोकं घालून उभा होता. त्या दिवशी आत्या पलंगावर आडवी झाली नाही, नळाला तिने हात लावला नाही. ती हॉलच्या भिंतीपुढे उभी राहिली, चौकोन काढला आणि म्हणाली, "हेच घे, निख्या." परतताना रिक्षात मी तिला सांगितलं की आत्या, हल्ली सगळेच ठेवतात, शोपीस म्हणून. ब्युटी पार्लरात असतो, हॉटेलात असतो. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे. दारात ठेवायला लाज तर वाटत नाही ना त्यांना? मग पुढचं सोपं आहे." इतकी हिशेबी, इतकी संशयी बाई, आणि तिने घर पास केलं ते एका शोपीसच्या जोरावर. ही चूक आमच्यातलंच माणूस करू जाणे.

घरासाठी तिने कॅम्प चारची खोली विकली. शेजारच्या कापडवाल्या सिंधी साईंना गोडाऊन हवंच होतं. "साईं, भिंतीला ओल आहे, तागे खराब होतील," असं विकता विकता तिनेच त्यांना सांगितलं, आणि साईं म्हणाले, "भाभी, तू माल बेच रही है की झगडा कर रही है?" खोली सोडताना ती रडली नाही. रडण्यासारखं तिथे काय होतं, असं तिनेच मला उलट विचारलं.

निखिलने इंटिरिअर डिझायनर लावली. हसतमुख, गोड बोलणारी मुलगी होती. तिला सगळे मॅडम म्हणायचे. सुरुवातीला आत्या तिच्यावर खूश होती. दोघींनी मिळून कॅम्प दोनमधली पडद्यांची दुकानं पालथी घातली. मग एके दिवशी मॅडमने घराचा नकाशा टेबलावर पसरला. हॉलच्या मोठ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लाकडी पट्ट्या दाखवल्या होत्या. आत्याने चादरीतून फोटो काढला आणि त्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. मॅडम म्हणाली, "आंटी, ही फ्रेम थीममध्ये नाही बसत. सगळं बेज आहे ना, त्यात ब्लू खूप लाउड होतो." आत्याने निखिलकडे पाहिलं. निखिल फोनकडे पाहत होता. नकाशात आत्याच्या खोलीवर 'गेस्ट रूम' लिहिलं होतं. ते मी तिला वाचून दाखवलं नाही, पण तेवढं इंग्रजी तिला येत होतं. "गेस्ट म्हणजे चहा तरी हातात मिळेल," ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर निखिल बोलला. लोक अशा वेळी सुनेला बोल लावतात, म्हणून मुद्दाम सांगते, सून एका शब्दाने मध्ये पडली नाही. जे बोलला ते पोटचा पोरगा बोलला. "आई, हॉलमध्ये नको. ऑफिसचे लोक येतात, सोसायटीतले येतात. फोटो बघितला की त्यांची नजर बदलते. तुला नाही कळणार ते. तू तुझ्या खोलीत लाव ना, कोण नाही म्हणतंय?"

आत्या म्हणाली, "मला नाही कळणार?" मग विचारलं, "आणि दारात बुद्ध ठेवणारेस तो?" कारण सॅम्पल फ्लॅटमधल्यासारखंच शिर निखिलने स्वतः पसंत करून मागवलं होतं.

"तो सगळ्यांना चालतो," निखिल म्हणाला.

मी तिथेच बसले होते. माझा संताप झाला, आजही होतो. निखिल वाईट मुलगा नाही, हे मला माहीत आहे. त्याला कॉलेजात काय काय ऐकावं लागलं तेही माहीत आहे. पण आईच्या जन्माच्या मागण्यावर त्याने ज्या सहजतेने फुली मारली, ती मला अजून गिळता आलेली नाही.

नव्या घराचा कार्यक्रम दोन दिवस ठेवला होता. शनिवारी ऑफिसचे आणि सोसायटीतले, रविवारी आम्ही. एवढं सगळ्यांना पुरायला हॉल लहान पडतो असं कारण सांगितलं होतं. रविवारी दार लावून, आवाज हळू ठेवून वंदना झाली. त्याआधी आम्ही एकेक करून पोहोचत होतो तेव्हा आत्या दारात उभी होती. बुद्धाचं शिर ज्यावर बसवलं होतं ते चपलांचं कपाट होतं. वर भगवंत, खाली बूट. सॅम्पल फ्लॅटमध्येही ते तसंच होतं की काय कोण जाणे, तिथे कोणी कपाट उघडून बघितलं नव्हतं. आत्या प्रत्येकाला सांगत होती, "चपला बाहेर काढा. आत घेऊन यायच्या नाहीत." आमच्या सगळ्या गोतावळ्याच्या चपला लिफ्टपर्यंत पसरल्या. थोड्या वेळाने वॉचमन आला आणि म्हणाला की पॅसेजमध्ये चपला चालत नाहीत, समोरच्यांनी फोन केला आहे. निखिल उठला. वाकून त्याने दोन्ही हातांत मावतील तितक्या चपला उचलल्या आणि कपाटात कोंबल्या, पुन्हा गेला, पुन्हा आणल्या. आत्या बाजूला उभी राहून बघत होती. तिने त्याला अडवलं नाही.

जेवणं झाल्यावर कोणीतरी तो प्रश्न विचारलाच. "काय आत्या, निकाल काय? पास की नापास?" सगळे हसले आणि तिच्याकडे बघायला लागले. निखिलही बघत होता. मला वाटतं, त्याला ते ऐकायचं होतं. आत्याने घरभर नजर फिरवली. "नळाला पाणी आहे," ती म्हणाली. "पलंग पायाला पुरतो. ओटा मस्त आहे, फरशी एक नंबर. कुठे नाव ठेवायला जागा नाही." इतकी स्तुती तिने आजवर एकाही घराची केली नव्हती. मग ती निखिलला म्हणाली, "सॅम्पल टकाटक आहे, बाळा. आता आपलं घर दाखव."

सगळे पुन्हा हसले. निखिलही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी मी निघाले तेव्हा आत्या चादरीतला फोटो काखेत घेऊन माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. "दोन दिवस येते तुझ्याकडे," ती म्हणाली. निखिल खाली रिक्षापर्यंत आला, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि भाडंही आधीच देऊन टाकलं.

ते दोन दिवस संपले नाहीत. माझ्या हॉलमध्ये दारासमोर फोटो लागला. म्हणून आत्याची जीभ मऊ झाली असं कोणी समजू नये. माझी ट्यूबलाइट तिला दवाखान्यातली वाटायची, फरशीच्या सांध्यांतला मळ तिला जेवताना दिसायचा, पडद्यांना तर ती पोती म्हणायची. "फोटो आहे म्हणून बसलेय इथे, नाहीतर हे घर मी दारातून नापास केलं असतं," असं ती माझ्या मैत्रिणींना सांगायची. रविवार मात्र बंद झाले. कात्रपच्या पुढेच एक नवा टॉवर झाला, त्याच्या जाहिरातीत गच्चीवर पोहण्याचा तलाव होता. मी मुद्दाम विषय काढला. रेशमी साडी इस्त्री करून आणली. ती म्हणाली, "बघून झालं माझं." साडी परत कपाटात गेली.

निखिल फोन करायचा. अ‍ॅपवरून फळं, औषधं, बदाम पाठवायचा. ती त्याच्याशी नीट बोलायची, नातवाची चौकशी करायची. एकदा फोन ठेवल्यावर मी रागाने काहीतरी बोलले तर तिने मला थांबवलं. "घाबरतो गं तो," ती म्हणाली. "एवढ्या उंचावर घर घेतलं आणि अजून घाबरतो." तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला त्याची कीव येत होती, आणि आईला मुलाची कीव यावी यापेक्षा वाईट मला काही सुचत नाही. त्यानंतरच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि बदलापूरच्या हॉस्पिटलमध्ये ती गेली. पुण्यानुमोदन कॅम्प चारच्या विहारात झालं. निखिल धाय मोकलून रडला. ते रडणं खोटं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी तिच्या साड्या आणि कागदपत्रं द्यायला मी त्याच्या घरी गेले. आत शिरल्याबरोबर हॉलच्या मोठ्या भिंतीवर, त्या लाकडी पट्ट्यांवर, आत्या दिसली. मोठा, काळा-पांढरा फोटो, बारीक काळी फ्रेम, वरून सोडलेला उजेड. फोटो मीच काढलेला होता, कॅम्प चारची खोली सोडायच्या दिवशी. तेव्हा ती बाबांच्या फोटोखाली उभी राहिली होती आणि मला दटावत होती, "बाबा पूर्ण आले पाहिजेत. मी अर्धी आले तरी चालेल." ती गेल्यावर निखिलने चांगला फोटो मागितला, तेव्हा मी तोच पाठवला होता.

"मॅडमने करून दिला," निखिल म्हणाला. "मागे खूप गर्दी होती ना, ती काढून टाकली. छान आलीये ना आई?"

छान आली होती. रेशमी साडीची घडी न् घडी दिसत होती. मागचा फोटो आपल्या डोक्याआड जाऊ नये म्हणून तिने त्या दिवशी मान डावीकडे कलती केली होती, ती तशीच कललेली होती. तिच्या उजव्या खांद्यावर जागा सोडलेली होती आणि तिथे नुसता राखाडी रंग होता.